पहिली चूक आधी वाचा



वसंतातल्या या व्यासपीठावर इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र असे विषय शोभून दिसतात. मी आज जो विषय घेऊन उभा आहे, तो त्यांच्या पंक्तीला बसेल की नाही, याची मला थोडी धास्तीच वाटते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात एखादा प्रोग्राम त्याच्या मूळ संहितेवरून स्वतः घडवायला बसले, की नवशिक्या माणूस कोठे अडतो, का अडतो आणि अडल्यावर त्याने काय करावे, एवढाच माझा विषय आहे. पण हा प्रश्न माझ्यापुढे आला तो संगणकाच्या दुकानात नव्हे, तर एका वाचनालयात. म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करतो.

त्या वाचनालयात जुन्या व्याख्यानांचा एक खंड आहे. कागद पिवळा पडलेला, कडा इतक्या ठिसूळ की पान उलटताना तुकडा हातात यावा. आमच्या शाळेतील गणिताच्या बाई आता निवृत्त आहेत आणि वाचनालयाचे काम हौसेने पाहतात. पानांची छायाचित्रे घेऊन संगणकाकडून ती वाचून घ्यावीत आणि खंडाचा मजकूर पुन्हा अक्षरांच्या रूपाने हाती यावा, असे त्यांनी मनाशी घेतले. छापील अक्षरे ओळखणारा ‘टेसरॅक्ट’ नावाचा एक प्रोग्राम आहे, तो विनामूल्य आहे आणि त्याला मराठी येते, हे त्यांनी शोधून काढले. त्याची नवी आवृत्ती मूळ संहितेवरून घडवण्याची कृतीही त्यांनी वहीत उतरवून घेतली. आणि तिसऱ्या दिवशी मला फोन आला. “अरे, हे काही माझ्या वयाचे काम नव्हे. मी काहीही केले तरी तो मला रागावतो.”

श्रोतेहो, ‘तो मला रागावतो’ या तीन शब्दांतच सगळी गोम आहे. संगणक रागावत नाही. तो बोलत असतो. त्याचे बोलणे रुक्ष असते, परभाषेत असते, पुष्कळदा नको इतके लांब असते. पण ते बहुधा खरे असते. ते ऐकावे कसे, हे ज्याला कळले त्याला हे काम जमले. बाकीचा तपशील ओघाने येतो.

आता आधी पाया घालू. प्रोग्राम माणसे लिहितात ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत. तिला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. यंत्राला मात्र ती भाषा कळत नाही. त्याला लागतात आकड्यांच्या रूपातल्या आज्ञा. एकीचे दुसरीत रूपांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. आणि ते रूपांतर करणे म्हणजे कंपाइल करणे. गृहिणींना हे एका शब्दात सांगता येईल: भाजणी. दुकानात तयार भाजणीचे पाकीट मिळते, ते आणावे आणि थालीपीठ लावावे. किंवा धान्ये निवडून, भाजून, गिरणीवरून दळून आणावीत. पाकिटाने वेळ वाचतो हे खरे. पण तयार पिठात धणे कमी आहेत असे वाटले, तर पिठावरून पुन्हा धान्याकडे जाता येत नाही. ज्याच्या हाती धान्य आहे, त्याच्याच हाती फेरफार आहे.

हे धान्य सर्वांच्या हाती असावे, या विचारातूनच आजच्या लिनक्सचा जन्म झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. प्रत्येकाला प्रोग्राम वाचता यावा, दुरुस्त करता यावा आणि दुसऱ्याला देता यावा, हा त्याचा हेतू. त्या प्रकल्पाचा कंपायलर १९८७ मध्ये लोकांच्या हाती आला. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून खुला केला. टेसरॅक्टची कथाही अशीच. १९८५ ते १९९४ या काळात तो ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळांत तयार झाला, पुढे बराच काळ बाजूला पडून राहिला आणि २००५ मध्ये त्याची संहिता सर्वांसाठी खुली झाली. २००६ पासून काही वर्षे गूगलने त्याचे काम पुढे नेले. ती संहिता बंद कपाटात राहिली असती, तर आमच्या बाईंना तिचा उपयोग शून्य होता.

येथे एक व्यावहारिक सूचना, आणि ती सर्वांत आधी. प्रत्येक लिनक्सबरोबर तयार प्रोग्रामांचे एक भांडार येते. तेथे हवी ती वस्तू असेल, तर तीच घ्यावी. ती तपासलेली असते, तिच्या सुधारणा आपोआप येतात आणि ती काढून टाकणेही सोपे असते. विनाकारण घरी दळण्यात पुरुषार्थ नाही. बाईंच्या यंत्रावरही भांडारातला टेसरॅक्ट होता; पण तो चौथ्या पिढीचा. २०२१ च्या अखेरीस आलेल्या पाचव्या पिढीत कागदाचा रंग आणि शाई वेगळी करण्याच्या आणखी रीती आहेत. त्यांतली ‘सॉव्होला’ नावाची रीत पानाच्या एकेका भागाचा उजेड पाहून काळे कोणते आणि पांढरे कोणते, हे ठरवते. कोठे पिवळे, कोठे तपकिरी, कोठे डागाळलेले अशा पानाला हेच हवे होते. बाईंचे कारण रास्त होते. तेव्हा गिरणीकडे जाणे आले.

या कामाचे पाच टप्पे आहेत. पहिला, तयारी: संहिता उतरवून घेणे आणि तपासणीची लिपी सिद्ध करणे. दुसरा, तपासणी: आपल्या यंत्रावर लागणारे सामान आहे की नाही ते पाहणे; याची आज्ञा ‘कॉन्फिगर’. तिसरा, घडण: संहितेच्या एकेका फाइलीचे रूपांतर आणि मग सर्वांची जोडणी, याची आज्ञा ‘मेक’. चौथा, स्थापना: तयार प्रोग्राम योग्य जागी नेऊन ठेवणे, आज्ञा ‘मेक इन्स्टॉल’. पाचवा, चालवणे. काहीही अडले, की स्वतःला पहिला प्रश्न हा विचारावा: मी कोणत्या टप्प्यावर आहे? डॉक्टर जसा आधी ‘दुखते कोठे?’ असे विचारतो, तसा हा प्रश्न आहे. तपासणीत अडलेल्याने स्थापनेचे उपाय करणे म्हणजे दाढदुखीवर पायाला लेप लावणे होय.

बाईंची पहिली अडचण पहिल्याच पायरीवर होती. वहीतल्या कृतीप्रमाणे त्यांनी ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा दिली आणि उत्तर आले, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. म्हणजे अशी फाइल येथे नाही. बाईंना वाटले, उतरवून घेताना आपलेच काही चुकले. वस्तुतः त्यांचे काही चुकले नव्हते. काही प्रोग्रामांच्या गाठोड्यात ही तपासणीची लिपी आयती ठेवलेली असते; काहींच्या गाठोड्यात ती घडवण्याची सामग्री तेवढी असते. टेसरॅक्ट दुसऱ्या प्रकारचा. तेथे आधी ‘ऑटोजेन’ ही लिपी चालवायची, तिच्यातून ‘कॉन्फिगर’ जन्माला येते. आणि त्यासाठी ‘ऑटोमेक’ व ‘लिबटूल’ ही अवजारे यंत्रावर लागतात. हे कोठे लिहिलेले असते? गाठोड्यातच. ‘रीडमी’ किंवा ‘इन्स्टॉल’ या नावाच्या फाइलीत. दुसऱ्या प्रोग्रामची कृती या प्रोग्रामाला लावू नये, आणि कोणाच्या जुन्या टिपणापेक्षा गाठोड्यातल्या कागदावर अधिक विश्वास ठेवावा, हा येथला धडा.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. तपासणी सुरू झाली आणि मध्येच थांबली. संगणकाने सांगितले, की ‘कॉन्फिगर’च्या अमुक हजाराव्या ओळीत व्याकरणाची चूक आहे. जवळच एका लायब्ररीचे नाव होते. बाईंनी ती फाइल उघडली. हजारो ओळी! चष्मा पुसून त्यांनी ती ओळ शोधलीही आणि तासभर तिच्याकडे पाहत बसल्या. चूक तेथे दिसत होती; पण ती तेथे झालेली नव्हती. लायब्ऱ्यांचा ठावठिकाणा सांगणारे ‘पीकेजी-कॉन्फिग’ नावाचे एक लहानसे अवजार आहे. ‘ऑटोजेन’ चालली त्या वेळी ते यंत्रावर नव्हते. त्यामुळे एक सांकेतिक शब्द न उलगडता तसाच लिपीत उतरला आणि पुढे तो व्याकरणाची चूक म्हणून आडवा आला. उपाय दोन ओळींचा: ते अवजार घ्यायचे आणि ‘ऑटोजेन’ पुन्हा चालवायची. नुसते अवजार घेऊन भागत नाही, कारण बिघडलेली लिपी आधीच लिहून झालेली असते.

अनारसा तुपात हसला, तर सुगरण तुपाला दोष देत नाही. ती पिठाकडे वळते. दोष उमटतो एके ठिकाणी आणि उपजतो त्याच्या आधी. संगणकाच्या बोलण्यातले ठिकाण हे उमटण्याचे ठिकाण असते. उपजण्याचे ठिकाण त्याच ओळीत असेल किंवा एक टप्पा मागे असेल. ओळीत काही दिसेनासे झाले, की एक टप्पा मागे जावे.

तिसरी अडचण तर बहुतेक प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येते. तपासणी आता पुढे गेली आणि म्हणाली, लेप्टोनिका १.७४ किंवा त्याहून नवी आवृत्ती लागेल. लेप्टोनिका ही चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी. डॅन ब्लूमबर्ग यांची. टेसरॅक्ट अक्षरे ओळखतो, पण चित्र उघडणे, सरळ करणे, साफ करणे ही कामे तो तिच्याकडून करवून घेतो. बाई म्हणाल्या, “अरे, पण ती तर आहे! जुना टेसरॅक्ट तिच्याच जिवावर चालत होता ना?”

बाईंचे म्हणणे खरे होते आणि संगणकाचेही खरे होते. लायब्ररीची दोन अंगे असतात. एक चालण्यापुरते, तयार प्रोग्रामला तेवढे पुरते. दुसरे घडवण्यासाठी, त्यात लायब्ररी कोणकोणती कामे करते, प्रत्येकीला काय द्यावे लागते आणि ती काय परत करते, याची यादी असते. या यादीच्या फाइलींना हेडर म्हणतात. ज्याला जेवायचे आहे त्याला खानावळीत ताट मिळाले की पुरे; पण ज्याला खानावळीला शंभर पानांची मागणी द्यायची आहे, त्याला तिचा दरतक्ता लागतो. डेबियन आणि उबंटू यांच्या भांडारात हे दुसरे अंग ‘डेव्ह’ अशा शेपटाच्या वेगळ्या नावाने ठेवलेले असते. फेडोराच्या भांडारात ‘डेव्हल’ या शेपटाने. तेव्हा ‘अमुक सापडत नाही’ असे तपासणी म्हणाली आणि ते आपल्याजवळ आहे अशी आपली खात्री असली, तर शंभरातल्या बहुतेक वेळा हे शेपूट राहिलेले असते. टेसरॅक्टची तपासणी तर इतकी सभ्य आहे, की कोणते पाकीट घ्यावे त्याचे नावही ती त्याच वाक्यात सांगते. बाईंनी वाक्याचा पूर्वार्ध वाचून संगणक मिटला होता!

तपासणीचे सगळे सवालजवाब ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फाइलीत लिहिलेले असतात. पडद्यावर एक ओळ आली आणि तिच्यावरून उलगडा झाला नाही, तर ही फाइल उघडावी. शेवटी पुष्कळ पाने नुसत्या नोंदींची असतात. त्यांच्या वर, जेथे तपासणी थांबली तेथे, खरे कारण बहुधा शब्दशः दिलेले असते.

आता घडण. ‘मेक’ या अवजाराच्या जन्माची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी ते तयार केले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून आले. त्यांनी प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली होती. पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली, आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे आणि त्यांतली कोणती बदलली आहे, हे पाहून तेवढीच पुन्हा घडवावी, ही ‘मेक’ची कल्पना अशा एका वाया गेलेल्या सकाळीतून आली. पाहा, ज्यांनी ही विद्या उभारली तेही असेच अडखळत होते. नवशिक्याने स्वतःला मठ्ठ समजण्याचे काही कारण नाही.

‘मेक’ चालू असताना पडद्यावरून ओळींचा पूर वाहतो. त्यात ‘वॉर्निंग’ आणि ‘एरर’ हे दोन शब्द येतात. वॉर्निंग म्हणजे सूचना; तीवर काम थांबत नाही, आणि नवशिक्याने तिची चिंता करू नये. एरर म्हणजे चूक; तीवर काम थांबते. आणि येथेच माणूस फसतो, कारण पडद्यावर शेवटी जे उरते ते असते ‘मेक: एरर २’ असे काहीसे. या वाक्यात काहीही माहिती नाही. ‘खाली कोणाचे तरी काम फसले, म्हणून मीही थांबलो’ एवढाच त्याचा अर्थ. खरी चूक वर असते, कधी शंभर ओळी वर; आणि ती शोधायची ती पहिली. एक हेडर सापडले नाही, तर त्यातली नावे अनोळखी ठरतात आणि त्या प्रत्येक नावाबद्दल कंपायलर वेगळी तक्रार करतो. चूक एक, तक्रारी चाळीस.

हे मी बाईंना फोनवर समजावीत होतो, तेव्हा त्या एकदम हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे वही तपासण्यासारखेच की! पहिल्या पायरीत हातचा विसरला, की खालचे सगळे आकडे चुकतात. मी तेथे एकच लाल खूण करीत असे. दहा खुणा केल्या तर पोर रडते.” त्या दिवसापासून मला बाईंना फारसे शिकवावे लागले नाही. तीस वर्षे त्यांनी जे केले होते, तेच हे काम होते.

घडणीतल्या दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. वेळ वाचावा म्हणून ‘मेक’ला एकदम अनेक कामे चालवायला सांगता येते. तसे केले, की निरनिराळ्या कामांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पहिली चूक कोणती ते कळत नाही. अशा वेळी ‘मेक’ पुन्हा साधेपणाने, एकेक काम करायला लावावे; जे घडून झाले आहे ते तो पुन्हा करीत नाही, म्हणून वेळ फारसा जात नाही. दुसरे, जुन्या यंत्राची स्मृती कमी असते. एकदम फार कामे लावली, तर ती संपते आणि लिनक्स कंपायलरलाच मध्ये बंद करतो. तेव्हा ‘किल्ड’ हा शब्द दिसतो. तो पाहून संहितेत चूक शोधू नये. कामांची संख्या कमी करावी, एवढेच.

आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असे आले तर? तर समजावे, की रूपांतर झाले, आता जोडणी अडली आहे. यादीत नाव सापडले, पण प्रत्यक्ष काम करणारा सापडला नाही. एकतर लायब्ररी जोडायची राहिली, किंवा यादी एका आवृत्तीची आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची आहे. एकाच लायब्ररीच्या दोन प्रती यंत्रावर असल्या, की हा घोटाळा हमखास होतो.

स्थापनेच्या टप्प्यावर ‘परमिशन डिनाइड’ येते. परवानगी नाही. कारण उघड आहे: सर्वांच्या वापराच्या जागी वस्तू ठेवायची, तर यंत्राच्या मालकाचा अधिकार हवा. तो ‘सुडो’ या शब्दाने मिळतो. या शब्दाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. सुडो ही वाड्याच्या सगळ्या दारांची किल्ली आहे. ती स्थापनेपुरती वापरावी. तपासणी आणि घडण साध्या अधिकारानेच करावी. जेथे अडेल तेथे सुडो लावण्याची सवय लागली, की अडचण तात्पुरती झाकते आणि फाइलींची मालकी बदलून नवी अडचण उभी राहते. सुडो मुळीच नको असेल, तर तपासणीच्या वेळी ‘प्रीफिक्स’ देऊन स्वतःच्या फोल्डरात स्थापना करता येते. शिकाऊ माणसाला तोच मार्ग चांगला.

याहूनही मोठा धोका एक आहे. कधी दुसऱ्याने घडवलेला प्रोग्राम आणला, की तो सी भाषेची मूळ लायब्ररी जुनी आहे अशी तक्रार करतो. तेव्हा ती लायब्ररीच बदलून टाकण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. यंत्रावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. ती बिघडली, तर साध्यासाध्या आज्ञाही चालेनाशा होतात. पहिल्या मजल्याची खिडकी बसत नाही म्हणून कोणी जोते उकरीत नाही. अशा वेळी तो प्रोग्राम आपल्या यंत्रावर संहितेवरून घडवावा. मग तो आपल्याच लायब्ररीशी जुळतो.

भांडाराबाहेरून आलेली वस्तू बहुधा ‘यूएसआर’ फोल्डरातील ‘लोकल’ या विभागात जाते. भांडाराच्या व्यवस्थापकाला तिची वार्ता नसते. म्हणून संहितेचे फोल्डर स्थापना झाल्यावर टाकून देऊ नये. पुढे वस्तू काढायची झाली, तर त्याच फोल्डरातून ‘मेक अनइन्स्टॉल’ ही आज्ञा उपयोगी पडते.

बाईंची स्थापना झाली. त्यांनी आवृत्ती विचारली, तर उत्तर जुन्याच आवृत्तीचे! आज्ञा टंकण्याची ती खिडकी सकाळपासून उघडी होती आणि जुना प्रोग्राम कोठे सापडला होता, हे तिने लक्षात ठेवले होते. नवी खिडकी उघडल्याबरोबर नवा प्रोग्राम बोलला. पण काय बोलला? ‘लिबटेसरॅक्ट’ ही लायब्ररी सापडत नाही! फाइल तर डोळ्यांसमोर होती. येथेही दोघे खरे. लिनक्स दर वेळी सगळी कपाटे धुंडाळत नाही; लायब्ऱ्यांची एक सूची करून ठेवतो. नवे पुस्तक कपाटात आले, पण सूचीत चढले नव्हते. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा सुडोसह दिली, की सूची नवी होते. वाचनालय चालवणाऱ्या बाईंना हे दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

शेवटची अडचण: मराठीची माहितीफाइल उघडत नाही. टेसरॅक्ट स्वतः निरक्षर आहे असे म्हटले तरी चालेल. भाषेचे ज्ञान वेगळ्या फाइलीत असते. मराठीच्या फाइलीचे नाव ‘मार’ने सुरू होते, आणि ती स्वतंत्रपणे आणून ‘टेसडेटा’ या फोल्डरात ठेवावी लागते. जुन्या प्रोग्रामची फाइल जुन्या जागी होती, नवा नव्या जागी शोधत होता. आणि कोठे शोधत होता, तो पूर्ण पत्ता त्याच्या तक्रारीतच लिहिलेला होता. या वेळी बाईंनी मला फोन केला नाही. त्यांनी वाक्य शेवटपर्यंत वाचले, फाइल त्या पत्त्यावर नेऊन ठेवली आणि पान वाचून घेतले.

ते पान निर्दोष आले असे मी म्हणणार नाही. काही रफार निसटले, काही जोडाक्षरे फुटली, डागाखालचे एक वाक्य अजिबात गेले. ते हाताने सुधारावे लागले आणि अजूनही बाई रोज दोन-चार पाने सुधारतात. पण मजकूर उभा राहिला. कागद तुटला तरी आता शब्द तुटणार नाहीत.

शेवटी मदत मागण्याविषयी दोन शब्द. स्वतःला उलगडा झाला नाही, तर जाणत्याला जरूर विचारावे. पण ‘चालत नाही’ एवढेच सांगू नये. लिनक्स कोणते व त्याची आवृत्ती कोणती, प्रोग्रामची आवृत्ती कोणती, कोणती आज्ञा दिली, अडले कोणत्या टप्प्यावर आणि पहिली चूक शब्दशः काय, या पाच गोष्टी सांगाव्यात. चूक छायाचित्रात पाठवू नये. अक्षरांत उतरवून पाठवावी, म्हणजे ऐकणाऱ्याला ती शोधता येते. या पाच गोष्टी नीट लिहिता लिहिता निम्म्या अडचणी आपल्या आपणच सुटतात, असा माझा अनुभव आहे. आणि सुटलेली अडचण लिहून ठेवावी. बाईंनी वहीची पाच पाने लिहिली आहेत: डावीकडे संगणकाचे वाक्य, उजवीकडे त्याचा मराठीत अर्थ आणि उपाय. ती वही वाचनालयाच्या मेजावर असते.

श्रोतेहो, संहिता खुली असून भागत नाही. ती उघडण्याची हिंमत असावी लागते, आणि पहिल्या तक्रारीला घाबरून आपण फिरलो तर खुले दारही आपल्यापुरते बंदच राहते. यंत्राची तक्रार हा आपल्या बुद्धीवरचा अभिप्राय नव्हे. ती एक खबर आहे. टप्पा ओळखावा, पहिली चूक शोधावी, वाक्य शेवटपर्यंत वाचावे, आणि तेथे कारण दिसले नाही तर एक पाऊल मागे जावे. आमच्या बाईंना एवढ्यावर वाट सापडली. आपल्यालाही ती सापडेल.